धारेच्या अलीकडे राहिलेली पडशी

खुंटीला टांगलेल्या वस्तूकडे कोणी मान वर करून पाहत नाही. म्हणून, मित्रांनो, माझी ओळख मलाच करून दिली पाहिजे. मी एक जुनी पडशी आहे. मला खांद्यावर टाकले की माझी एक पिशवी छातीशी येते, दुसरी पाठीशी, आणि मधल्या पट्ट्यावर सारे ओझे तोलले जाते. वाटसरूचे हात मोकळे राहतात. ज्याला डोंगर चढायचा आहे आणि ओहोळ ओलांडायचे आहेत, त्याला हात मोकळे असण्याचे मोल विचारा.

माझा जन्म चोपड्याचा. अनवरीबी नावाच्या एका कसबी हाताच्या बाईंनी सन १९१२ च्या उन्हाळ्यात मला जाड तांबड्या खारव्याची शिवली. मला न्यायला आलेले अभिमन आबा माझे टाके डोळ्यांजवळ धरून तपासू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "टांके देखो मत भाऊ, खींच के देखो!" आबांनी ओढून पाहिले, हसले आणि मला खांद्यावर टाकून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या धारखेड्यास घेऊन आले.

धारखेड्याच्या माथ्यावर धारेश्वराचा डोंगर आहे. शिखरावर महादेवाचे लहानसे देऊळ आहे. देवावरचे अभिषेकाचे पाणी गोमुखातून खडकावर पडते, खडकावरून ओढ्यात उतरते आणि तो ओढा गावाला लागून वाहतो. त्यालाच गावकरी 'धार' म्हणतात. श्रावणातल्या एका सोमवारी गावातली माणसे या अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणा घालीत. पहाटे निघायचे, देवाचा डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत राहायचे.

आता माझे दुःख कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्या. शिवालयात अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जाते तिला सोमसूत्र म्हणतात. भाविक ते ओलांडत नाहीत. तिथवर जाऊन आल्या पावली परत फिरतात. देवळात हे अंतर चार पावलांचे असते. पण धारखेड्याच्या पूर्वजांनी डोंगरालाच पिंड मानले आणि धारेलाच सोमसूत्र! इतर दिवशी त्या ओढ्यातून गुरे जात, गाड्या जात. प्रदक्षिणेच्या दिवशी मात्र दोन्ही तीरांवरून कोणीही धार ओलांडीत नसे. गुरेसुद्धा दावणीला बांधून ठेवीत.

पहिल्या वर्षी मी किती उमेदीने निघाले होते! माझ्या एका पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, दुसरीत बेलाची पाने, पूजेचा तांब्या आणि कोरडे धोतर. पहिल्या ओढ्याला शेवाळलेले गोटे होते. आबांनी मला डोक्यावर घेतले आणि काठीने तळ चाचपीत पार झाले. दुसऱ्या ओढ्याला पाण्याची ओढ इतकी की माणसांनी एकमेकांची मनगटे धरली. तिसऱ्याच्या पलीकडे धनसिंग वैदूचा पाडा होता. तो दोर टाकी आणि वर थट्टाही करी, "या आबा, पानी जास्त नही, तुमना गुडघा कमी शेतस!" दुपार ढळता ढळता डोंगराला पूर्ण वळसा पडला. समोर धार, आणि तिच्यापलीकडे आमचे गाव. घराचे छप्पर दिसत होते, छपरातून निघणारा धूर दिसत होता. मला वाटले, आता मंडल पुरे होणार.

आबांनी धारेच्या पाण्याला हात लावून तो मस्तकी लावला आणि ते मागे फिरले. तीनही ओढे पुन्हा, पुन्हा तो सारा डोंगर!

पलीकडच्या तीरावर त्यांची पत्नी भिकुबाई घागर घेऊन उभी असे. दर वर्षी तिचे शब्द ठरलेले. "ओ कमलना बाप, घर दिखस ना? मंग आते फिरा मांगे! भाकर थंडी व्हई जाई!"

"तू जाय घर, मी येस," असे म्हणून आबा पाठ फिरवीत. त्यांच्या मुद्रेवर समाधान असे; माझ्या शिवणीशिवणीतून मात्र वैताग ठिबकत असे. वर्तुळाला दहा हात कमी पडावेत, आणि ते दर वर्षी पडावेत! मी धार्मिक नाही असे समजू नका. पण निघालेल्या पायांना पोहोचण्याची इच्छा असते, आणि मी तर पायांच्याच जातीची.

अशी काही वर्षे गेली. आबांची लेक कमलबाई बाळंतपणासाठी माहेरी आली. तिची आधीची दोन्ही मुले जन्मताच गेली होती. "हे पोर वाचू दे, मी तुझी प्रदक्षिणा अखंड नेमाने पुरी करीन," असा नवस आबा बोलले आणि तो श्रावणी सोमवार आला. धनसिंगाने पाड्यावर एक मुळी दिली. "अडली तर उगाळी द्या," म्हणाला. आबांनी ती माझ्यात जपून ठेवली.

आम्ही धारेवर आलो तेव्हा भिकुबाईच्या हातात घागर नव्हती. ती काठावरूनच ओरडली, "कमलले सकायपाईन कळा सुरू शेतस! पोर अडनं शे! शेवंताबाई धनसिंगनी मुळी मांगी राह्यनी!"

शेवंताबाई म्हणजे गावची सुईण. आबांचे एक पाऊल पाण्याच्या कडेला गेले आणि तिथेच थांबले. मी त्यांच्या छातीवर होते. आतली धडधड मला स्पष्ट कळत होती. ते म्हणाले, "तिनाकरताच नवस शे व! आनि मीच धार वलांडू?"

आल्या वाटेने परत जावे तर रात्र होणार. ओलांडावे तर ज्या लेकीसाठी नेम धरला, तिच्याच साठी तो मोडणार. मित्रांनो, मी मनात आक्रोश करीत होते, 'मला फेका, मला फेका!' पण कापडाला कंठ कोठला? आबा पाण्याकडे पाहत होते, शिखराकडे पाहत होते, आणि वेळ धारेसारखा वाहून जात होता.

शेवटी भिकुबाईच कडाडली, "तुम्ही नका वलांडू! तठेच उभा ऱ्हा! पडशी फेका ना!"

मुळी हलकी होती. नुसती फेकली असती तर पाण्यात गेली असती. आबांनी माझ्या एका पिशवीत गोटा घातला, दुसरीत मुळी ठेवून गाठ मारली, डोळे मिटून देवाचे नाव घेतले आणि मला भिरकावले. त्या क्षणी खाली पाणी होते, वर आभाळ होते आणि मध्ये मी. पलीकडच्या तीराच्या अगदी जवळ मी पाण्यात पडले. भिकुबाई लुगडे खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि मला पट्ट्याला धरून तिने बाहेर खेचले. ती धावत सुटली. तिच्या हातात मी गदगद हलत होते.

मुळीने म्हणा की देवाने, दिवेलागणीला मुलगी झाली आणि रडली. तिचे नाव सुनंदा ठेवले. आबा डोंगर पुन्हा चालून रात्री घरी आले, तेव्हा त्यांनी आधी नात पाहिली आणि मग माझ्यावरून हात फिरवला. माझ्या आयुष्यात तेवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही.

कारण दुसऱ्या दिवशी गावचे ज्येष्ठ तोताराम नाना दारात आले. "पडशी तुना खांदावर व्हती ना, अभिमन? मंग ती तुनाच अंग. तुना नेम ऱ्हायना, पन तिनी धार वलांडी. आते ती प्रदक्षिणाले चालाव नही."

"मंग फेकी देऊ का तिले?" आबांनी विचारले.

"फेकू नको. मानाने टांगी ठेव."

आणि मला मानाने टांगले! मला कुंकू लावले, दसऱ्याला झेंडूचे फूल वाहिले. ज्या कामासाठी माझा जन्म, ते तेवढे काढून घेतले. दर श्रावणात आबा दुसरीच कसली तरी पिशवी घेऊन निघत आणि मी खुंटीवरून दारातली पहाट पाहत राही.

पुढे एकदा धुळ्याहून एक वृद्ध शास्त्रीबुवा आले. प्रदक्षिणेची रीत ऐकून ते शांतपणे म्हणाले, "सोमसूत्र उघडे असेल तर ओलांडू नये, हे खरेच. परंतु लाकूड, गवत, पाने, दगड यांनी ते झाकले तर ओलांडण्यास दोष नाही. शास्त्रानेच ही वाट ठेवली आहे."

तोताराम नानांनी डोंगराकडे पाहिले. मग म्हणाले, "मंग आमना बापजादा सारा डोंगर दोनदा का चालनात?"

शास्त्रीबुवांनी हात जोडले. "त्यांची श्रद्धा दुप्पट होती म्हणून."

पुढल्या श्रावणात धारेवर सागाचे ओंडके पडले, त्यावर पळसाची पाने पसरली, आणि सारे गाव वाजतगाजत पार झाले. मंडल पुरे झाले! मी मात्र धार उघडी असताना ओलांडली होती, म्हणून माझ्या खुंटीचा निर्णय कोणी बदलला नाही. खरे सांगते, बदलायचा आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

देशात स्वातंत्र्याची चाहूल लागलेली असताना सुनंदा आजोळी आली. प्रदक्षिणेच्या पहाटे तिने माझ्याकडे बोट दाखवले. "आबा, हाई पडशी मी लई जास."

"ती नही बेटा. तिनी धार वलांडेल शे."

सुनंदा आजोबांपुढे येऊन उभी राहिली. "तिनी वलांडी म्हनीसन तर मी शे, आबा. मंग माले बी खुंटीवर टांगी द्या!"

म्हातारे अभिमन आबा उठले. त्यांनी स्वतः मला खाली काढले आणि नातीच्या खांद्यावर ठेवले. आणि, मित्रांनो, माझा पट्टा मधोमध फाटला. कोणी ओढले नव्हते, ओझेही नव्हते. इतकी वर्षे धूर खाऊन आणि ओल पिऊन खारवा आतून कुजला होता.

आबा खाली बसले. सुनंदेने त्यातल्या त्यात धड असलेली पिशवी कापून घेतली, तिच्यात भाकरी बांधली आणि ती गेली. माझे ते अर्धे अंग त्या दिवशी डोंगराला वळसा घालून ओंडक्यांवरून घरी आले म्हणतात. तुमच्याशी बोलणारी मी, ती खुंटीवर राहिलेली दुसरी पिशवी.

म्हणून एवढीच विनवणी. तुमच्या घरात ज्या वस्तूने कधी उपकार केले असतील, तिला फुले वाहू नका. तिला झटका, उन्हात घाला, फाटेल तिथे टाका घाला आणि कामाला न्या. कामाने आमचे कापड झिजते, त्याचे आम्हाला काही वाटत नाही. पण मान म्हणून टांगून ठेवू नका. आज घरी गेलात की एकदा भिंतीकडे पाहा.