देद्दाहच्या चहाला फेस आला नाही

"या देशात आता कुणी गुलाम नाही आणि कुणी मालक नाही. जे आहेत ते सगळे नागरिक, आणि कायद्यापुढे समान."

असं आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी देद्दाहच्या तंबूत, देद्दाहच्या गालिच्यावर, देद्दाहच्या उशीला टेकून जाहीर केलं आणि रिकामा पेला मागे न बघताच मागे धरला. मागे सालका होतीच. तिने तो भरला.

तसं हे वाक्य आमच्या कानांना नवं नव्हतं. मॉरिटानियात गुलामगिरी इतक्यांदा बंद झाली आहे, की दर खेपेला बंद करायला ती येते कुठून, हे विचारणं असभ्यपणाचं समजतात. भाषण होतं, टाळ्या होतात, मेंढा कापला जातो. त्या दिवशी चूक झाली ती एवढीच, की भाषण सालकाने ऐकलं. चहा करणारं माणूसही तंबूतच बसलेलं असतं, हे आमच्या थोरामोठ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

सालका देद्दाहच्या घरची. म्हणजे तिची आई देद्दाहच्या आईची होती आणि आजी त्याच्या आजीची. विहीर आणि खजुराची बाग होती तशीच. वयाने ती देद्दाहपेक्षा थोडी मोठी. लहानपणी तिने त्याला पाठीवर बांधून वाळूतून फिरवलं होतं. आता तो पन्नाशीला आला, पोट सुटलं, तरी पाठीवरून काही उतरला नव्हता. पहाटे बकऱ्या, मग पाणी, मग दळण, मग स्वयंपाक, आणि या सगळ्याच्या मधेमधे चहा. साखरेची ढेप फोडण्यापासून पेले विसळण्यापर्यंत सगळं तीच.

पाहुणे गेल्यावर तिने पेले विसळून पालथे घातले, लेकीला हाताशी धरलं आणि बाजारामागे राहणाऱ्या वकीलबाई फातिमतू यांचं दार वाजवलं. लेक तेस्लेम शाळेत पुढे होती. पण सहावीच्या परीक्षेला बसायला ओळखपत्र लागतं, मुलीच्या ओळखपत्राला आईचं लागतं, आणि आईच्या ओळखपत्राला बाप लागतो. आमच्यात बाईचं नाव 'अमुक मिंत तमुक' असं असतं, म्हणजे तमुकची मुलगी. सालकाचं नाव नुसतं सालका होतं. बाकीचं कुणी विचारलंच नव्हतं.

"साहेब म्हणाले मी नागरिक आहे," ती वकीलबाईंना म्हणाली. "तेवढं लिहून पाहिजे."

ती त्या रात्री परतली नाही. देद्दाहने आधी निरोप धाडला, मग धमकी, मग मनधरणी करायला आपली म्हातारी आत्या. सालकाने आत्याचे पाय चेपले, तिची विचारपूस केली आणि तिला एकटीलाच परत पाठवलं. मग वकीलबाईंनी दावा लावला.

मी तेव्हा कोर्टात पुकारा करायचो, त्यामुळे पुढचं सगळं मला समोरून बघायला मिळालं. काझी यर्बा म्हणजे डोळे अर्धे मिटून ऐकणारा म्हातारा. तो झोपला आहे असं वाटून बरीच माणसं त्याच्यापुढे नको ते बोलून गेली आहेत.

देद्दाह नवा निळा पायघोळ दराआ घालून आला. गुलाम ठेवला हे शाबीत झालं तर तुरुंग, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून तो उभा राहिला आणि त्याने डोळ्यांत पाणी आणलं.

"काझीसाहेब, गुलाम कसली? ही माझी बहीण. थोरली बहीण. माझ्या आईने हिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं."

त्याच्या नातलगांनी उसासे टाकले. आत्याने मलह्फ्याचा पदर डोळ्यांना लावला. वकीलबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी सालकाच्या कानात सांगितलं, की घरातलंच भांडण ठरलं तर खटला इथेच संपतो. तिला भावाच्या घरी, म्हणजे बकऱ्यांकडे, परत जावं लागेल. ओळखपत्र नाही. तेस्लेमची परीक्षा नाही.

आणि काझी तेच म्हणाला. भावाबहिणीचं भांडण असेल तर त्यात कोर्टाचं काय काम, चहा घेऊन मिटवावं. आमच्याकडे चहाशिवाय काही सुरू होत नाही, न्यायसुद्धा नाही. कोपऱ्यात निखारे फुललेलेच होते. सालका सवयीने उठली.

"तू बस," काझी म्हणाला. "थोरली ना तू? भावंडं जमली की चहा धाकट्याने करायचा, एवढं तरी आपल्यात अजून पाळतात. देद्दाह, ऊठ बाबा."

देद्दाह उठला. किटलीच्या कडीला त्याने असा हात घातला, की जन्मात पहिल्यांदाच भेटत असावेत. बोटं भाजली. पाणी तापायच्या आधीच त्याने पुदिना टाकला. साखरेची ढेप त्याने हाताने मोडून बघितली, गुडघ्यावर मोडून बघितली, आणि शेवटी अख्खा तुकडा किटलीत कोंबला, झाकण बसेना. मग तो उंचावरून ओतायला लागला, कारण उंचावरून ओततात एवढं त्याने बघितलेलं होतं. थोडा चहा पेल्यात पडला, थोडा दराआवर, थोडा आत्याच्या पायावर. आत्या पुटपुटली की याचा बापही असाच होता.

पेला काझीपुढे आला. कोर्टातल्या सगळ्या माना वाकल्या. चहाला फेस नव्हता. अगदी नावालासुद्धा नाही. आमच्यात अर्धा पेला फेस नसेल तर पाहुणा बोलत नाही, पण पुन्हा येतही नाही.

"घरी चहा कोण करतं?" काझीने विचारलं.

"सालका."

"ती आजारी असली तर?"

"सालका आजारी पडत नाही."

"ही पोरगी झाली त्या दिवशी?" काझीने आईला चिकटून बसलेल्या तेस्लेमकडे बोट दाखवलं.

देद्दाह मनापासून आठवू लागला. प्रश्नात काही अडचण आहे हे त्याला कळलंच नाही. "सकाळचा तिनेच केला होता," तो म्हणाला. "दुपारचा जरा उशिरा झाला."

सालका निखाऱ्यांकडे बघत होती.

"बरं," काझी म्हणाला. "बहीण म्हणतोस, तर बहीण लिहून घेतो. मग बापाच्या बागेत तुझ्या वाट्याच्या निम्मा वाटा तिचा. खजूर उतरायच्या आत वाटणी करून टाक."

देद्दाहच्या तोंडचं पाणी पळालं. बहीण म्हणजे तशी बहीण नव्हे, तो म्हणाला. मग कशी, काझीने विचारलं, गुलाम? तौबा, तौबा, देद्दाह म्हणाला. एका बाजूला तुरुंग, दुसऱ्या बाजूला बाग. तो दोन्हीकडे बघून घामाघूम झाला.

"मग ही तुझी कोण?"

"कुणी नाही."

"मग कुणाची?"

"तिची तीच," देद्दाह म्हणाला आणि मटकन बसला.

काझीने डोळे पूर्ण उघडले. हिचा जन्म तरी इथलाच ना, की परमुलुखातून आली, असं त्याने सहज विचारलं. हे मात्र आत्याला लागलं. "आमच्या तळावरची आहे ती," ती कडाडली. "नाळ मी कापली. हा नंतर जन्मला, ह्याला काय माहीत."

"बापाचं नाव?"

इथे सालका कोर्टात पहिल्यांदा बोलली. "विहिरीवर असायचा. त्याला सगळे 'ए' म्हणायचे. आई स्वैलेम म्हणायची."

काझीने निकाल सांगितला: या मातीत जन्मलेली, स्वतंत्र, या देशाची नागरिक, ओळखपत्र आईचं आणि मुलीचं दोन्ही लगेच द्यावं. इतकी वर्षं फुकट राबवून घेतल्याचा खटला वेगळा चालेल, तोवर देद्दाहने गाव सोडायचं नाही. मग तो मला म्हणाला की पुकारा कर.

ती समोरच उभी होती. तरी मी बाहेर ओट्यावर गेलो आणि पार बाजारापर्यंत जाईल असा ओरडलो, "सालका मिंत स्वैलेम हाजिर हो."

"आले," ती आतून म्हणाली. मग तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. वकीलबाईंनाही फुटलं. तेस्लेमने फेस नसलेला पेला उचलून एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, आणि त्यावर आत्यासुद्धा हसली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी वकीलबाईंच्या अंगणात बसलो होतो. सालकाने चहा केला होता आणि पहिला पेला स्वतःला ओतून घेतला होता. कुंपणापाशी कुणीतरी खाकरलं. देद्दाह. दराआवरचे डाग तसेच होते. तो आत येईना, परतही जाईना.

"सालका मिंत स्वैलेम," त्याने हाक मारली. पूर्ण नाव. शेजारणी हातातलं काम टाकून दारात आल्या. माफी मागणार, असं कुणीतरी कुजबुजलं. वकीलबाई साक्षीदार म्हणून सरसावून बसल्या. सालकाने पेला खाली ठेवला.



"साखर फोडायची हातोडी कुठे ठेवली आहे," तो म्हणाला, "तेवढं जरा सांगतेस का?"