भोंग्याची फाईल

तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्यातले कॉम्प्युटर मिनाज येरमाळ्यातल्या घरातून सांभाळायची. म्हणजे तिनं लिहिलेली स्क्रिप्ट, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, सांभाळायची. नवं पॅकेज, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरचं गाठोडं, आलं की स्क्रिप्ट ते चढवी. दोन पॅकेजं एकाच फाईलवर हक्क सांगू लागली की कॉम्प्युटरवरचं लिनक्स बिचारं अदबीनं थांबायचं: ही फाईल आधीच दुसऱ्याची आहे, काय करू? सारखं काय विचारतं, म्हणून मिनाजनं स्क्रिप्टला सांगून ठेवलं होतं: नवी असेल ती दामटून बसव.

आज जेवणाच्या घंटीचं पॅकेज आलं. येताना भोंग्याची फाईल घेऊन आलं. तीच फाईल आगीच्या इशाऱ्याच्या पॅकेजची होती. स्क्रिप्टनं दामटली. अहवाल हिरवागार, सगळं ठीक.

मिनाजनं सहज फाईल उघडून पाहिली. भोंग्याला आता एकच काम उरलं होतं, लोकांना जेवायला बोलावणं. स्क्रीनवर वाळवणीच्या खोलीतला पारा चढत होता आणि त्या खोलीत तिचे अब्बा, खाजामियाँ, बाण वाळत घालत होते. मोबाईल सगळ्यांचे फाटकावर जमा.

तिनं फाटकावरच्या धनाजीला फोन लावला.

"धनाजीभाऊ, वाळवणीतली माणसं बाहेर काढा, लई तापलंय!"

"भोंगा कुठं वाजलाय?"

"भोंगाच बिघडलाय!"

"मग त्यो बिघडल्याचा तरी वाजायला पायजे का न्हाय, ताई? भोंग्याबिगर काम थांबवायचं न्हाय, मालकाचा हुकूम हाय."

मिनाजनं घरूनच जेवणाची घंटी दाबली. कॅमेऱ्यात दिसलं, भर सकाळी अख्खा कारखाना डबे घेऊन फाटकाशी धावला. आगीच्या सरावाला एवढी चपळाई कधी दिसली नव्हती.

"सगळे आले?"

"तुमचे अब्बा सोडून. रोजा हाय म्हनले, जेवायच्या घंटीला म्या कशाला येऊ? निवांत बसलेत आत."

पहाटे रोज्याआधीच्या सहेरीला तिनंच त्यांना वाढलं होतं.

तिनं आधी स्क्रिप्ट थांबवली, नाहीतर तिनं घंटीचीच फाईल पुन्हा दामटली असती. मग इशाऱ्याचं पॅकेज पुन्हा चढवलं. फाईल जागेवर आली, चढलेला पारा इशाऱ्याला कळला आणि फोनमधून भोंगा कानठळ्या बसेल असा वाजू लागला. फाटकाशी डबे उपडे झाले, माणसं रस्त्याकडं पळाली.

वाळवणीच्या खोलीतून अब्बा बाहेर आले. त्यांच्या मागून दारातून पांढरा धूर निघाला. मिनाजचा जीव भांड्यात पडला.

चार पावलं गेल्यावर अब्बा थबकले. शिस्तीचा माणूस. दार उघडं राहिलं म्हणून कडी लावायला परत फिरले.