आरपार

हवालदार तुळशीराम पासष्टच्या लढाईनंतर पलटणीतून निवृत्त होऊन देऊळघाटला परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत तळाशी आठ फौजी काडतुसं होती. ती कशाला आणली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पलटणीत अकरा वर्षं त्यानं हत्यारांची दुरुस्ती केली होती. हाताला सवय होती, एवढंच.

दोन वर्षांनी, दिवाळी सरल्यावर गावातले शेतकरी शेषराव त्याच्याकडे आले. त्यांची ज्वारी दाण्यावर आली होती आणि रानडुकरं रोज पहाटे अर्धा अर्धा एकर लोळवून जात होती. पिकाच्या राखणीसाठी शेषरावांकडे परवान्याची विलायती शिकारी रायफल होती, पण तिची काडतुसं कुठंच मिळत नव्हती. अकोल्याच्या दुकानदारानं तीनदा परत पाठवलं होतं.

"तुह्याजवळ फौजेतली हायेत म्हणे. नळीच्या मापाचा आकडा तर एकच हाये. चालतीन काय?"

"आकडा एक असला म्हणून चालतेच असं नाई, शेषरावभाऊ. फौजेची गोळी निराळी, दुकानाची निराळी. दाब कमीजास्त असते. रायफल फुटली तं तोंड राहणार नाई."

"मंग तू पाह्य ना. तुले नाई समजत तं कोनाले समजते?"

हे बोलणं तुळशीरामला सुखावून गेलं. त्यानं रायफल घेतली, नळी पुसली, फौजी काडतूस घालून बोल्ट लावून पाहिला. नीट बसलं. तरी त्याची खात्री होईना. मग त्यानं रायफल बैलगाडीच्या साटीला दोरानं आवळून बांधली, चापाला सुतळी लावली, समोर शेताचा मातीचा बांध धरला आणि स्वतः खड्ड्यात बसून सुतळी ओढली. बार झाला. रिकामं टरफल त्यानं उन्हात फिरवून पाहिलं. कुठं फुगलेलं नाही, चिरलेलं नाही. दुसरं काडतूसही तसंच गेलं.

"चालते," तो म्हणाला आणि चार काडतुसं शेषरावांच्या हातावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी फटफटताना शेषरावांनी ज्वारीतून बाहेर पडणाऱ्या एका डुकरावर बार टाकला. डुक्कर जागीच बसलं. आणि पलीकडून, दोनशे पावलांवरून, बाईची किंकाळी आली.

गावातलीच अंबूबाई म्हशीसाठी गवत कापायला आली होती. गोळी डुकराच्या बरगड्यांतून आरपार निघून तिच्या मांडीत घुसली होती. शेषरावांनी आणि गड्यांनी तिला गाडीत घालून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं.

तुळशीराम धावत शेतात पोचला. त्यानं मेलेलं डुक्कर उलटं केलं. आत जाताना जेवढं भोक, बाहेर पडताना जवळजवळ तेवढंच. तो तिथंच खाली बसला. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं, जनावरात शिरताच ते पसरतं आणि बहुधा आतच अडकतं. फौजी गोळीला सगळीकडून तांब्याचं कवच असतं, ती थांबत नाही. हे त्यानं पलटणीत कितीदा पोरांना शिकवलं होतं. पण तीन दिवस त्याच्या डोक्यात फक्त बार टाकणाऱ्याचं तोंड होतं. गोळी पुढं कुठवर जाईल, हे त्याच्या मनात आलंच नाही.

संध्याकाळी शेषराव त्याच्या घरी आले.

"म्या फौजदाराले सांगतलं, काडतुसं दुकानातली जुनी होती. त्याले काय फरक कळते? तुह्याजवळची उरलेली हिरीत टाकून दे. दोघंही सुटतो."

"अन् अंबूबाई?"

"तिचा दवाखाना मी करतो ना! तू काऊन फशी पडतं?"

सकाळच्या एसटीनं तुळशीराम दवाखान्यात गेला. अंबूबाई शुद्धीवर होती, पाय फळीला बांधलेला. उशाशी तिची जाऊ जनकाबाई बसली होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, गाडीला रायफल बांधल्यापासून.

अंबूबाईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते गोळी आरपार जाते, हे तुमाले ठाऊक होतं, भाऊ?"

"ठाऊक होतं, बाई. ध्यानात नाई आलं."

"माह्या जागी तुमची मंडळी गवत कापत असती, तं आलं असतं," ती म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

जनकाबाईनं त्याला बाहेर जायची खूण केली.

दवाखान्यातून तो सरळ ठाण्यावर गेला आणि उरलेली दोन काडतुसं फौजदाराच्या टेबलावर ठेवली. "तुम्हाला कुणी बोलावलं होतं का?" फौजदारानं विचारलं.

"नाई, साहेब."

खटला वर्षभर चालला. तुळशीरामला तीन महिन्यांची सजा झाली, शेषरावांचा परवाना गेला. शेषराव पुन्हा त्याच्याशी बोलले नाहीत. अंबूबाईचा पाय वाचला, पण आखूड झाला. सुटून आल्यावर दोनदा तो तिच्या दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा ती ओसरीवर बसून ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली, त्याला ओळखलं आणि पाखडत राहिली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.