रांगेतला शेवटचा हात

रांग संपली असं समजून मावशींनी पळी खाली ठेवली, आणि खिडकीतून तो हात पुन्हा आत आला. रिकामा, तळवा वर केलेला. बाकीची पोरं ताट पुढे करायची, हा हात ताटाशिवायच यायचा. मावशींनी थप्पीतलं ताट उचललं, वाटाणे, भोपळ्याची भाजी, फळाची फोड असं सगळं वाढलं आणि त्या हातावर ठेवलं. ताट बाहेर गेलं. मावशी रोजच्यासारख्या घाईने खाली वाकल्या. पलीकडे कुणी नव्हतं. पोरं लांब भिंतीशी बसून जेवत होती.

शाळेच्या स्वयंपाकघराची ती खिडकी म्हणजे एक नमुनाच. तिची फळी निम्म्यावर येऊन जी अडकली ती कुणाच्या बापाला हलली नाही. खालच्या फटीतून तेवढे हात दिसायचे. त्यामुळे इथे स्वयंपाकाला लागल्यापासून मावशी पोरांना हातांवरूनच ओळखत. नखं खाणारा, शाईने बरबटलेला, चामखीळवाला, सगळे तोंडपाठ. एकदा बाजारात एका पोरीने "ओळखलं नाहीत?" म्हणून विचारलं, तर या म्हणाल्या, "हात दाखव बघू."

हा हात मात्र त्यांना पाठ नव्हता. बारकासा, थंडगार, करंगळी जराशी वाकडी, मनगटावर भाजल्याचा डाग. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कुणीतरी कार्टं मस्करी करतंय. वाकून बघितलं, तर पलीकडे कुणीच नव्हतं. पण मस्करीचा हात आणि भुकेचा हात यांतला फरक त्यांना कळत होता, म्हणून घाबरत घाबरत का होईना, त्या वाढत राहिल्या. थोड्या वेळाने ताट फटीपाशी परत आलेलं असायचं, चाटूनपुसून लख्ख.

ताटं घासायला मावशींची भाची होती, आणि तिच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. हजर पोरांपेक्षा रोज एक ताट जास्त निघतंय, ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत, गेली. मोठ्या बाईंनी मावशींना खोलीत बोलावून खुर्चीत बसवलं. पोरांच्या सकस जेवणासाठी जो निधी येतो त्यात वरच्या लोकांनी आधीच हात आखडता घेतलाय, असं त्या सांगत होत्या. पलीकडच्या शाळेने पोरांपेक्षा जास्त ताटं दाखवली म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी तिथला निधी थांबवला, आणि आता तिथली पोरं दुपारी पाणी पिऊन वर्गात बसतात. उद्या तेच साहेब इथे येणार होते, खिडकीशी उभं राहून ताटं मोजायला.

"मावशी, एका ताटापायी सगळ्या पोरांच्या पोटावर पाय येईल," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या हिशेबाबाहेर काही वाढू नका."

मावशी बरं म्हणाल्या आणि उठल्या. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी घरी भांडी धुताना त्यांची नजर आपल्या हातावर गेली. वाकडी करंगळी. मनगटावर भाजल्याचा जुना डाग. इतकी वर्षं तो हात डोळ्यांसमोर होता, पण आपला हात कोण कधी निरखून बघतं? मावशींनी नळ बंद केला आणि हात दिव्यापाशी धरला.

त्या याच शाळेत शिकल्या होत्या. तेव्हा शाळेत जेवण नव्हतं, आणि या स्वयंपाकघराच्या जागी मोडक्या बाकांची अडगळीची खोली होती. आई अंथरुणाला खिळलेली, घरची चूल थंड. दुपारी सगळ्यांचे डबे उघडले की पोटात कावळे ओरडायचे, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ही पोरगी त्या खोलीच्या अर्ध्या मिटलेल्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. एकदा तिने सहज फटीत हात घातला, तर हातावर ऊन ऊन जेवणाचं ताट आलं. आई उठेपर्यंत ते रोज येत राहिलं. घरी सांगितलं, तर थोरली बहीण हसून हसून लोळली. पुढे मावशींनीही तो भुकेचा भास म्हणून सोडून दिला होता.

आता उद्या वाढलं नाही, तर त्या पोरीने जगायचं कशावर? आणि वाढलं, तर शाळेतल्या सगळ्या पोरांच्या तोंडचा घास जाणार.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शांत माणूस, आवाज चढवायचा नाही. मावशींच्या शेजारी उभं राहून त्यांनी एकेक ताट मोजलं. रांग संपली, मोजणी बरोबर जुळली, मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, आणि फटीतून तो हात आत आला.

मावशींनी थप्पीला हात लावला नाही. स्वयंपाक करणाऱ्याला एक ताट नियमातच मिळतं, ते त्यांचं स्वतःचं ताट कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. ते त्यांनी उचलून त्या हातावर ठेवलं. आणि काय वाटलं कोण जाणे, ती गार बोटं आपल्या मुठीत घेऊन घट्ट दाबली.

"हे कुणाला?" साहेबांनी विचारलं.

"माझं ताट आहे, साहेब. माझ्या वाटणीचं."

"ते कळलं. पण दिलंत कुणाला?"

"उपाशी होती एक."

साहेब वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाहेर कुणी नाही," ते हळूच म्हणाले. "ताटही नाही." ते बोलत असतानाच फटीपाशी बारीक आवाज झाला. ताट परत आलं होतं, लख्ख. साहेबांनी ताटाकडे बघितलं, मावशींच्या मनगटावरच्या डागाकडे बघितलं, मोजणी बरोबर असल्याचं मोठ्या बाईंना सांगितलं आणि चहालाही न थांबता निघून गेले. शाळेचा निधी चालू राहिला.

मोठ्या बाईंना आनंद आवरेना. मावशी मात्र चुलीशीच थांबल्या होत्या, कारण त्यांना आत्ता आठवलं होतं. लहानपणी खिडकीच्या आतल्या हाताने त्या पोरीची बोटं एकदाच दाबली होती, अगदी शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आई उठली, तिने डबा भरून दिला, आणि पोरगी मैत्रिणींत जाऊन बसली ती बसलीच. त्या खिडकीकडे तिने पुन्हा वळूनसुद्धा बघितलं नाही. आत कुणी वाट बघत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रांग संपल्यावर मावशींनी आपलं ताट वाढलं आणि फळीखाली धरलं.

"जेव की गं मावशी, गार होतंय," भाची म्हणाली.

"थांब जरा."

बाहेर पोरांचा गलबला चालला होता. धरून धरून हात अवघडला तेव्हा मावशींनी ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या.