खोलीचा आवाज

पुष्पलता दीड तास बोलली होती. फिल्म बनवणारी वैभवी कोराडीच्या क्वार्टरमध्ये कॅमेरा घेऊन आली, तेव्हा पुष्पलताने काहीच हातचं राखलं नाही. सत्ताविसावा आठवडा, पोटातल्या बाळाला किडन्याच नव्हत्या, जन्मलं तरी जगणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, मग मेडिकल बोर्डाची परवानगी. मुलाखतीच्या वेळी नवरा अंकुश वीज प्लँटवर ड्युटीला होता. गर्भपाताचं कळल्यापासून सासरमाहेर दोन्हींनी बोलणं टाकलेलं. निर्णय तिच्यासोबत घेणारा अंकुशच काय तो तिचा उरला होता. त्याने तिचं बोलणं एकदा पडद्यावर ऐकावं, म्हणून ती हट्टाने त्याला शहरात, सदर भागातल्या हॉलमध्ये फिल्मच्या खेळाला घेऊन आली.

पडद्यावर वैभवीचा आवाज आला, "पश्चात्ताप होतो?" आणि पुष्पलताचा चेहरा. नुसता चेहरा. ओठ मिटलेले, डोळे भरलेले, आणि मागे बाळाच्या ठोक्यांची धकधक. पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. लबाडी इतकी बेमालूम, की पुष्पलतालाही पडद्यावरच्या त्या बाईची कीव आली!

मग तिला आठवलं. मुलाखत संपल्यावर आवाज रेकॉर्ड करणारा रोहित म्हणाला होता, "ताई, एक मिनिट कोणी बोलू नका. खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेवतो, पुढे जोडकामाला लागतो." सगळे गप्प बसले. कॅमेरा चालूच होता; पडद्यावरचा चेहरा त्याच मिनिटातला. बोलून बोलून डोळे तर भरलेलेच होते. त्या प्रश्नाला तिने दिलेलं खरं उत्तर मेलं कुठे गेलं कोण जाणे. "दुःख जन्मभर राहीन. पण लेकराले तडफडाले आणलं नाही, याचा पस्तावा नाही," असं ती म्हणाली होती.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर अंकुशने विचारलं,

"पस्तावा होते हे मले कधी सांगितलं काहून नाही वं?"

"अहो, ते उत्तर नव्हतं. मी बोलली होती, त्यांनी कापलं. ते तं खोलीचा आवाज घेऊन राहिले होते."

"पण चेहरा तं तुझाच होता ना."

कोराडी येईपर्यंत ती मागे बसून समजावत राहिली. तो "हो, हो" म्हणत होता, आजारी माणसाला म्हणतात तसं. तिला चीड आली, रडूही आलं.

घरी आल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मायेनेच ठेवला.

"जाऊ दे वं," तो म्हणाला, "मी तुले माफ केलं."