उभा रणगाडा

वच्छलाबाईंनी चपला काढायच्या आधीच टीव्हीच्या पाठीला हात लावला. हातावर ज्वारीच्या बिबड्यांचं पीठ वाळलं होतं, तरी कळायचं ते कळलंच.

"आज बी गरम शे."

"मी नाही खेळले," कुंदा म्हणाली. तिच्या पाठीवरचं दप्तरसुद्धा अजून उतरलं नव्हतं.

"मग टीव्ही काय आपोआप तापस?"

शेजारच्या सकीनाखालाकडून चाबी घेऊन कुलूप कुंदानंच उघडलं होतं. मागोमाग दहा मिनिटांत आई पलीकडच्या गच्चीवरून बिबड्यांचे पापड वाळत घालून आली. घरात तिसरं माणूस नाही आणि टीव्ही गरम. सहावीतली पोर, पण न्यायाधीश असती तर तिनंही स्वतःलाच शिक्षा दिली असती.

"कानबाईनी आण घे."

"कानबाईची आण, मी नाही खेळले."

"खोटी आण घेस वर!" पाठीत धपाटा बसला. "आणखी एकदा हा टीव्ही गरम लागना ना, हे डबडं भंगारवालाना गाडीवर टाकसू. लिहून ठेव."

डबडं म्हणजे व्हिडिओ गेम. लोटन दहावी पास झाला तेव्हा मामानं सुरतेहून आणलेला. लोटन तिचा मोठा भाऊ. ती त्याला नुसतं भाऊच म्हणायची. पिवळ्या कॅसेटमध्ये शंभर खेळ होते म्हणे, पण या घरात चालायचा तो एकच, रणगाड्यांचा. खाली विटांच्या कोंडाळ्यात एक पाखरू बसलेलं, चहूबाजूंनी शत्रूचे रणगाडे सुटलेले आणि राखायला आपले दोन. डावा भाऊचा, उजवा कुंदाचा. गल्लीतली पोरं त्या पाखराला गरुड म्हणायची. भाऊ म्हणायचा, "गरुड कसला, अंड्यावर बसेल कोंबडी शे ती!" कोंबडी मेली की खेळ खलास. रविवारी वडील, म्हणजे आबा, खाटेवर पेपर घेऊन बसत, "डोळे फुटतील रे" म्हणत, आणि पाच मिनिटांत पेपर बाजूला टाकून स्वतःच ओरडत, "अरे मागून आला, मागून!" त्या रविवारी आईचं वरणसुद्धा करपायचं, पण कुणी रागवायचं नाही.

मग भाऊ बारावीत नापास झाला. ऑक्टोबरात पुन्हा बसला, पुन्हा गेला. आबांनी भर गल्लीत त्याच्या कानाखाली वाजवली. म्हणाले, "जा, जन्मभर कोंबड्या राख!" दुसऱ्या दिवशी पहाटे तो एक पिशवी घेऊन सुरतेला निघून गेला. मामाचं एकच पत्र आलं, पोरगं कापडाच्या लूमवर लागलं म्हणून. आबांनी ते वाचून खिशात घातलं आणि बजावलं, की या घरात त्याचं नाव काढायचं नाही, त्याला आणायला मी जाणार नाही, दुसऱ्या कुणी गेलं तर माझं मेलेलं तोंड पाहील. पाच महिने झाले. नाव काढायचं नाही म्हटल्यावर भाऊचं म्हणून घरात काय उरलं होतं, तर ते डबडं. आणि आईचा नेमका त्याच्यावरच राग. याच डबड्यानं माझं पोरगं खाल्लं, असं ती म्हणायची.

खरं म्हणजे कुंदा खेळतच नव्हती. एका रणगाड्यानं खेळण्यात काय राम? पण हे तिला कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी आई गाऱ्हाणं सांगायची तेव्हा आबा पेपरच्या आडून नुसतं "हूं" म्हणायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि गेम भंगारात जाणार होता तो वेगळाच. भाऊ परत आला तर त्याला काय दाखवायचं?

आता चोर धरणं आलं. तिनं गेमच्या रिमोटच्या वायरीची तीन घड्यांची गुंडाळी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्या चार निघाल्या. माठावरचा पेला पालथा ठेवला. तो उताणा सापडला. खालाच्या पोरावर, फारुखवर संशय घ्यावा, तर तो सकाळपासून गॅरेजवर. मग तिचा संशय थेट आईवर गेला. आईच खेळते आणि आईच हात लावते? छे! तिला बटणसुद्धा धड दाबता येत नाही.

शेवटी तिनं चाबी घेताना खालाला विचारलंच. "खाला, आमची चाबी दुसऱ्या कुणाला देतेस का गं?"

सकीनाखाला मशीनवर परकर शिवत होती. तिनं पाय थांबवला. "भाऊको देती ना मैं. बारा बजे. किसीको बोलने का नहीं, ऐसा बोल के रखा. तू बी मत बोल, बेटा."

भाऊ! सुरतेहून धुळ्यात आलाय, कुठंतरी लपून राहतोय आणि दुपारी गुपचूप घरी येतोय. मग तिला सगळंच वेगळं दिसायला लागलं. आई हल्ली दोन भाकरी जास्त टाकते, त्या कुणाला? रोजच्या रोज एवढे बिबडे कसले? की आईला सगळं माहीत आहे आणि आपल्याला तेवढं वेडं बनवतात? रात्रभर तिनं आईचं तोंड निरखलं. आई घोरत होती.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून ती बाराला शाळेतून सुटली. धावत घरी आली तर कुलूप निघालेलं, दार नुसतं लोटलेलं. आतून गोळ्यांचा टुकटुक आवाज येत होता. तिनं खिडकीच्या फटीला डोळा लावला.

खाटेवर एक पाठ होती. खाकी शर्ट, एसटीच्या वर्कशॉपचा. मानेवर ग्रीसचा डाग.

आबा.

घरात ते आबा, पण अख्ख्या गल्लीचे ते अभिमनभाऊ. सकीनाखालाच्या तोंडी भाऊ म्हणजे तेच. लोटन तिच्या लेखी कायम लोटनच होता. एवढंही आपल्या डोक्यात येऊ नये? आणि मग कुंदाला असा राग आला की विचारू नका. आठ दिवस मार कुणी खाल्ला? आणि "हूं" कोण म्हणत होतं? दार ढकलून चांगलं बोलावं म्हणून ती वळणार, तोच तिचं लक्ष पडद्यावर गेलं.

आबांनी दोघांचा खेळ लावला होता. हातात उजवा रिमोट, तिचा. डावा रिमोट खाटेवर तसाच पडलेला. त्यामुळे भाऊचा रणगाडा जागेवर नुसता उभा होता. आबा कोंबडीकडे बघतही नव्हते. ते त्या उभ्या रणगाड्याभोवती घिरट्या घालत होते, त्याच्यावर चालून येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होते. चुकत होते, मधे जाऊन स्वतः मरत होते, परत येत होते. तेवढ्यात तिकडे कोंबडी मेली. आबांनी पुन्हा पहिल्यापासून खेळ लावला.

कुंदाचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. ती आत आली. आबांनी दचकून खटका बंद केला, आणि काही बोलायच्या आत दारात आई. बिबड्यांचा शिजवलेला घाटा आज लवकर संपला होता.

"तुम्ही या टायमाले घरी?"

"डबा राहिला व्हता."

आईनं दोघांकडे पाहिलं, आणि तिचा हात टीव्हीच्या पाठीवर गेला.

"मी खेळत होते," कुंदा म्हणाली. "रोज मीच खेळते."

आईनं धपाटासुद्धा घातला नाही. तिनं सरळ वायर धरली आणि गेम ओढायला लागली.

"थांब वच्छला," आबा म्हणाले. "पोर खोटं बोलस. मी व्हतू. रोज मीच."

आई वायर हातात धरून उभी राहिली. "तुम्ही? खेळतस?"

"खेळतू काय, कपाळ! तो हालसच नही. उभा नुसता. मी एकला कितला सांभाळू त्याले?"

आईला रणगाड्यातलं काही कळत नव्हतं. पण 'तो' म्हणजे कोण, ते तिला कळलं. मग तिनं वायर सोडली, पदराला हात पुसले.

"नरडाणा टेसनवरून सुरतनी गाडी कितला वाजता शे?"

"सव्वाचारले," आबा म्हणाले. त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही.