पकडवाला डॉक्टर

पैज उठाबशांची लागली. एकवीस उठाबशा, कान धरून, पुढच्या रविवारी सकाळी नऊला, पार्किंगमध्ये, सगळ्या सोसायटीसमोर.

विषय होता केदारच्या मुलीची दाढ.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रविवारी पार्किंगमधल्या बाकावर तीन-चार टाळकी जमतात. बापूराव कायम असतात. निवृत्त मुख्याध्यापक, अजूनही कुणी मोठ्याने शिंकलं की मागे वळून बघतात. मी असतो. माझं दोन गल्ल्या सोडून कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा केदार असतो, खराडीला आयटीत. तो म्हणाला, ऋचाची मागची दुधाची दाढ किडलीय, मुळाशी पू झालाय, गुरुवारी काढायचीय.

"दुधाचीच ना?" बापूराव म्हणाले. "पडेल की आपोआप."

"ती दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत राहते म्हणे. ऋचा सात वर्षांची आहे. तोवर पू सांभाळू का?"

"बसेल का ती खुर्चीत?" मी विचारलं.

"शांत बसेल. अपूर्वाने पुस्तकं आणलीत, व्हिडिओ दाखवलेत. पंधरा दिवस तयारी चाललीय आमची."

"पोरीची दाढ काढताय का सॉफ्टवेअर? अरे, ती तोंडसुद्धा उघडणार नाही."

"उघडेल, बाळकाका."

"लाव पैज."

लागली. बापूराव पंच झाले.

आता माझ्याबद्दल थोडं. मला आवाज काढता येतात. बावन्न वर्षांचा घोडा झालोय, नाव अजून बाळ, आणि धंदेही तेच. मागच्या उन्हाळ्यात मी महापालिकेचा साहेब होऊन बापूरावांना फोन केला, की खडकवासल्याच्या पाइपात म्हैस अडकलीय, तीन दिवस पाणी येणार नाही. बापूरावांनी ते ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत सोसायटीत कुकरसुद्धा भरून ठेवलेले होते. माझ्या बायकोनेही बादल्या भरल्या, तेव्हा मला फार आनंद झाला. हेमा दोन दिवस बोलली नाही, तेव्हा जरा कमी.

सांगायचं काय, तर पैज लागली की मी ती नशिबावर सोडत नाही.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला मी दुकानातल्या फोनवरून केदारच्या बायकोचा, अपूर्वाचा नंबर लावला. दुकानाचा नंबर तिच्याकडे नाही आणि त्या वेळी ती पोळ्या करत असते, फोन ऋचा उचलते, हे मला ठाऊक होतं. नाक दाबून, घसा खाली नेऊन मी बोललो.

"कोण, ऋचा? मी दाताचा डॉक्टर बोलतोय. उद्या येतेस ना? मोठी पकड तेल लावून तयार ठेवलीय."

पलीकडे काहीच नाही. नुसता श्वास. तिथे थांबायला हवं होतं मी. पण आवाज जमून आला होता, आणि जमून आलेला आवाज मला सोडवत नाही.

"आणि हे आपल्या दोघांत हं. आईला सांगितलंस तर एकाऐवजी दोन काढीन."

"हो, काका," ती म्हणाली. अगदी हळू. फोन ठेवला. मी दुकानात एकटाच हसत बसलो.

गुरुवारी संध्याकाळी केदार पडल्या चेहऱ्याने जिन्यात भेटला. ऋचा खुर्चीत बसली, पण चाळीस मिनिटं तोंड उघडलं नाही. डॉक्टर चांगल्या होत्या, त्यांनी जबरदस्ती केली नाही. दुखायला लागलं किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी आणा, नाहीतर मंगळवारी या, म्हणाल्या.

"होत्या?" मी विचारलं.

"डॉक्टर प्रियदर्शनी. बाई आहेत. का?"

"काही नाही."

"आणि ती सारखी आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. काय झालंय कळेना. असो. रविवारी नऊ वाजता हजर राहतो. शब्द तो शब्द."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला मजाच वाटली होती.

शुक्रवारी सकाळी ऋचा शाळेला निघताना खाली भेटली. मी तिला नेहमीसारखी शेंगदाण्याची चिक्की दिली. एरवी ती माझ्यासमोरच तुकडा मोडते. त्या दिवशी तिने ती दप्तरात टाकली.

"काय गं? दुखतंय का?"

तिने आधी नाही म्हणून मान हलवली. मग इकडेतिकडे बघून जवळ आली. "बाळकाका, दुखतंय असं सांगितलं ना, तर परत नेतील. तिथे आत दुसरे डॉक्टर लपलेत. पकडवाले. मी एकाच बाजूने खाते. तू आईला नको सांगूस."

रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. ती पळाली.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. जिना चढून जायचं, बेल वाजवायची, सांगायचं. वीस पायऱ्या. पण माझ्या डोक्यात रविवार होता. केदार उठाबशा काढणार, सगळे मोजणार, आणि एकविसाव्याला मी तो आवाज काढून सगळ्यांसमोर बार उडवणार, असा बेत ठरला होता. दोनच दिवसांचा तर प्रश्न, मी म्हटलं. दुकान उघडलं. दिवसभरात तीन किल्ल्या चुकीच्या कापल्या.

शनिवारी सकाळी मी चहा घेत होतो, तेवढ्यात हेमा वरून धावत आली.

"ऋचाचा गाल सुजलाय बघा केवढा! अंगात ताप आहे. डॉक्टरांकडे निघायचं म्हटल्यावर बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसलीय. केदारने तुम्हाला अवजारं घेऊन बोलावलंय."

मी पिशवी उचलली. दारापाशी केदार आणि अपूर्वा उभे होते. आतून रडणं ऐकू येत होतं, तोंड न उघडता रडतात तसं.

"ऋचा, बाळा, काही होणार नाही," केदार म्हणत होता. "नुसतं बघणार आहेत."

"अजिबात दुखणार नाही, राणी," अपूर्वा म्हणाली. मग मला बघून, "काका, पटकन उघडा हो. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलंय. सूज डोळ्याकडे सरकू द्यायची नाही म्हणाल्या."

ती कडी म्हणजे माझं दोन मिनिटांचं काम. मी पिशवीत हात घातला आणि पहिली हाताला लागली ती पकड. दार उघडणार आणि पोरगी समोर कुणाला बघणार? पकड घेतलेल्या माणसाला. मी पिशवी बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवली.

"काय करताय?" केदार ओरडला.

मी दाराशी बसलो. नाक दाबलं, घसा खाली नेला.

"कोण, ऋचा?"

आतलं रडणं एकदम थांबलं. अपूर्वा माझ्याकडे बघतच राहिली. मी नाक सोडलं.

"ऋचा, मी बाळकाका आहे. तो आवाज माझा. बुधवारी फोन मीच केला होता, दुकानातून. पकडवाला डॉक्टर कुणी नाहीच. आतल्या खोलीत कुणी लपलेलं नाही."

"कुठला फोन?" अपूर्वाने विचारलं.

आतून ऋचा बोलली, जड जिभेने. "खोटं. मी बाहेर यावं म्हणून आईनं तुला शिकवलंय."

"नाही गं."

"मग त्यांनी काय सांगितलं ते सांग. सगळं. त्याच आवाजात."

केदार माझ्या डोक्यावर उभा होता. बाजूला हेमा. आयुष्यात मी शेकडो आवाज काढले असतील, पण ऐकणाऱ्यांत हसणारं कुणी नाही, असं पहिल्यांदाच झालं. तरी काढला. येतेस ना. मोठी पकड. तेल लावून. आणि मग ते शेवटचं वाक्य राहिलं.

"पुढचं," आतून आवाज आला.

"आईला सांगितलंस तर एकाऐवजी दोन काढीन."

अपूर्वाने तोंडावर हात ठेवला. "तीन दिवस," ती म्हणाली, "तीन दिवस मी विचारतेय तिला, दुखतंय का. नाही म्हणायची." केदारने दारावर तळहात टेकला. त्याने एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"बाळकाका," आतून आलं, "काढताना दुखतं का?"

"नाही गं, अजिबात..." केदार सुरू झाला.

"तुला नाही विचारलं, बाबा. बाळकाकाच्या दोन काढल्यात."

केदारने माझ्याकडे बघितलं. काय बोलू नका ते त्या बघण्यात होतं. पण त्या दाराआड आणखी एक थाप सरकवायची माझ्यात हिंमत नव्हती.

"दुखतं," मी म्हटलं. "आधी टोचतात तेव्हा. दहा मोजेपर्यंत. रडू आलं तर रडायचं, पण हलायचं नाही. मग गाल बधिर होतो, उशीसारखा जाड वाटतो. मग ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं होतं, कुरकुर आवाज येतो. पण तेव्हा दुखत नाही. तेव्हाही दुखलं तर हात वर करायचा, डॉक्टर थांबतात."

"दहा हळू, की भराभर?"

"मध्यम."

मग कडी सरकली. गाल एवढा सुजलेला की डावा डोळा बारीक झाला होता. ती माझ्या बाजूने गेली, माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आईच्या कमरेला चिकटली.

मी स्कूटरवर त्यांच्या गाडीमागून गेलो. बोलावलं कुणीच नव्हतं. क्लिनिकच्या बाकावर बसून राहिलो. मधे एकदा आतून रडण्याचा आवाज आला, आणि त्यात आकडे ऐकू आले. दहाला थांबले. मीही बाहेर मोजत होतो.

अर्ध्या-पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील.

"तुम्हीच का माझे सहकारी?"

मी उभा राहिलो.

"पकड आहे बरं का माझ्याकडे. पण मी ती मुलांना आधी दाखवते, काय करणार ते सांगते. तेल लावत नाही." मग केदार-अपूर्वाकडे वळल्या. "आणि तुम्हीही. 'काही होणार नाही', 'नुसतं बघणार' हे बंद. टोचल्यावर तिला कळतंच, की आईबाबा फसवतात. मग पुढच्या वेळी तुमचं काहीच खरं वाटत नाही. आज ती बसली ती काय होणार हे ठाऊक होतं म्हणून."

अपूर्वा मोबाइलवर टिपून घेत होती. कापूस अर्धा तास चावून धरायचा. आज जोरात चूळ नाही, स्ट्रॉ नाही. ओठ दोन-तीन तास बधिर राहील, मुलं गंमत म्हणून तो चावून जखम करतात, तेव्हा नजर ठेवा, आणि तोवर खायला नको. नंतर गार, मऊ. गालाला शेक नाही, लवंगेचं तेल नाही. औषध पूर्ण घ्यायचं, बरं वाटलं तरी. सूज वाढली, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला तर क्लिनिक उघडायची वाट न बघता थेट हॉस्पिटल. त्या जागी कायमची दाढ यायला तीन-चार वर्षं आहेत, तोवर शेजारचे दात सरकू नयेत म्हणून जागा धरणारी तार लागेल का, ते पुढच्या आठवड्यात बघू.

"गुरुवारी काढली असती तर?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तर बहुतेक एवढी सूज आली नसती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी नऊला मी खाली गेलो, तर केदार आधीच पार्किंगमध्ये उभा. बाह्या दुमडलेल्या. बापूराव खुर्ची टाकून बसलेले, भोवती पंधरा-वीस माणसं.

"चला केदार," बापूराव म्हणाले. "गुरुवारी तोंड उघडलं नाही. निकाल स्पष्ट आहे."

केदारने खरंच कान धरले. रात्रभर पोरीच्या उशाशी बसलेला माणूस. मी त्याचे हात खाली ओढले.

"पैज मी हरलो," मी मोठ्याने म्हटलं. "मी लबाडी केली. बुधवारी डॉक्टरांच्या आवाजात फोन करून मी ऋचाला घाबरवलं. घरी सांगू नकोस अशी धमकी दिली. म्हणून तिने दुखणं लपवलं, म्हणून गाल सुजला. शुक्रवारी मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो."

सगळे हसले. खो खो हसले. "बाळ, आता हा कुठला नवा डाव?" बापूराव डोळे पुसत म्हणाले. कुणीतरी मोबाइल काढला.

"डाव नाही."

आणखी हसले. माझ्यावर विश्वास ठेवायची सवयच कुणाला नव्हती, ती मीच मोडलेली. तेवढ्यात जिन्यातून अपूर्वा आली, ऋचाचा हात धरून. गाल अजून सुजलेलाच होता. अपूर्वाने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बघून हसणं एकेक करत बंद पडलं. बापूरावांचं सगळ्यात शेवटी. मोबाइल काढलेल्याने तो खिशात घातला.

मी कान धरले. "ऋचा, मोजतेस?"

तिने आईकडे बघितलं.

"एक," ऋचा म्हणाली.

पाचव्याला गुडघा वाजला. सहाव्याला हेमा गॅलरीत आलेली दिसली, आणि आत गेली. अकराव्याला मी खांबाचा आधार घेणार होतो, घेतला नाही. तेराव्यापर्यंत ऋचाचा आवाज बारीक होत गेला, बोलताना तिचा गाल दुखत असणार. चौदा म्हणून ती आईला म्हणाली, "मला भूक लागलीय. मऊ भात दे." दोघी वर निघून गेल्या.

माणसंही पांगायला लागली. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बापूरावांनी खुर्ची मिटली, क्षणभर माझ्यासमोर थांबले, आणि शाळेत मुलाकडे बघावं तसं बघून गेले.

पंधरापासून मी स्वतःच मोजलं, मोठ्याने. केदार तेवढा शेवटपर्यंत उभा राहिला, हाताची घडी घालून. एकवीस झाल्यावर त्याने 'झाल्या' अशी मान हलवली आणि जिना चढून गेला.